बटाट्याच्या मरीवर औषध द्यायला नकार देणारं दुकान, जांभळी नाका, ठाणे (साडेचार स्टार)

साडेचार स्टार देतेय. अर्धा कापलाय तो गल्ल्यावर बसणाऱ्या काकांमुळे, त्यांच्यावर खाली येतेच. हा रिव्ह्यू ज्यांचं कोणीतरी गावाकडे बटाटा करतं त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांनी गॅलरीत ग्रो बॅगमध्ये बटाटा लावलाय आणि झाडाने एका दुपारी अचानक मान टाकलीये (मर म्हणतात तो रोग हाच) त्यांच्यासाठी. मनी प्लांटला चमक यावी म्हणून काहीतरी हवं असेल तर घोडबंदर रोडला ढिगाने नर्सऱ्या आहेत तिकडे जा, इथे उगाच गर्दी नको, दुकानात दोन माणसं उभी राहिली की तिसरा रस्त्यावर अशी परिस्थिती आहे.

जांभळी नाक्याहून मार्केटमध्ये आत शिरलात की भाजीवाल्यांच्या मागे आहे, बोर्डावर ताडपत्री आलीये त्यामुळे दिसत नाही, कोणालाही बी-बियाण्याचं दुकान विचारा. गाडी आणू नका, स्टेशनहून चालत या नाहीतर तलावपाळीपर्यंत रिक्षा करा. दुपारी दीड ते चार बंद असतं, हे मॅपवर कुठेही लिहिलेलं नाही.

आता मुद्द्याचं. आमचे धाकटे भाऊजी आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर बटाटा करतात, खरिपाचा, जूनला लावायचा आणि गणपतीच्या पुढेमागे काढायचा. यंदा पीक चांगलं गुडघ्याला लागलं होतं आणि मधेच एकेक झाड दुपारी सुकायला लागलं. पान हिरवंच्या हिरवं, डाग नाही, कीड नाही, संध्याकाळी परत जरा उभं राहायचं, आणि मग दोनचार दिवसांत कायमचं आडवं. बटाटा कापला की सालीच्या आतल्या बाजूला तपकिरी कडं, तिकडे बांगडीच म्हणतात याला. भाऊजी गेले तिथल्या एका दुकानात (नाव घेत नाही, असे दुकानदार प्रत्येक तालुक्यात आहेत), त्याने फोटोही धड बघितला नाही, अँटिबायोटिकच्या पुड्या, कॉपर ऑक्सिक्लोराईड, वर कसलंसं 'जोम येणारं' टॉनिक आणि एक स्टिकर (औषध पानाला चिकटून राहावं म्हणून फवाऱ्यात मिसळतात ते), सगळं मिळून हजारांत बिल. फवारलं. पावसाने धुऊन गेलं म्हणून परत फवारलं. झाडं जायची ती जातच राहिली. मग मला फोन, वहिनी तुमच्याकडे ठाण्यात मोठ्या दुकानात भारीतलं काही मिळतंय का बघा ना.

मी फोटो घेऊन गेले. काकांनी मोबाईल हातात घेतला, चष्मा वर केला आणि फोटोवर नजर पडायच्या आत त्यांचा हात मागच्या रॅककडे गेलेला. तेवढ्यात आतून त्यांची सून आली, "बाबा थांबा जरा." ही ताई दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बीएस्सी अ‍ॅग्री आहे, सर्टिफिकेट फ्रेम करून लायसन्सच्या शेजारीच लावलंय, आणि खरं सांगायचं तर हे दुकान म्हणजे तीच आहे, काका फक्त गल्ला.

तिने औषधाचा विषयच काढला नाही, प्रश्न विचारत बसली. पानं पिवळी पडून सुकली का हिरवीच सुकली? पानाच्या खाली पांढरी लव दिसते का? झाडं चट्ट्याचट्ट्याने गेली का सगळ्या रानात सारखी? पाणी ज्या बाजूला वाहत जातं तिकडे जास्त आहेत का? बी अख्खं लावलं का कापून? आणि शेवटी, मागच्या वर्षी त्या वावरात काय होतं? मी तिथूनच भाऊजींना फोन लावून स्पीकरवर टाकला. ते म्हणाले टोमॅटो. ताईने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, एक-दोन झाडं मुळासकट मागवून घ्या, बघूनच सांगते.

आता पठारावरून ठाण्यात झाड आणायचं कसं, तर त्यांच्या शेजाऱ्याचा पिकअप माल घेऊन रात्री तुर्भ्याला मार्केट यार्डात कांदा-बटाटा बाजारात येतो, त्याच्यासोबत ओल्या पेपरात गुंडाळून आणि वर पिशवी बांधून झाडं आली, मिस्टरांची ड्यूटी तिकडेच महापेला असल्याने पहाटे उचलून त्यांनी घरी आणली. आल्यावर तोंड बघण्यासारखं होतं, चिखलाची पिशवी आणि वर "यासाठी मी साडेचारला उठलो".

दुकानात जे झालं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. ताईने काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेतलं, झाडाच्या खोडाचा मातीला लागून असलेला बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा ब्लेडने कापला, पुसला, आणि दोऱ्याने बांधून असा लटकवला की खालचं टोक पाण्यात जेमतेम बुडेल. ग्लास हलवू नका म्हणाली. मागे काळा पुठ्ठा धरला. दोनतीन मिनिटं काहीच नाही, मी मनात म्हटलं झालं, फुकटचा पिकअप. आणि मग कापलेल्या टोकातून पांढरट दुधाळ धागे खाली उतरायला लागले, अगरबत्तीचा धूर वरच्या ऐवजी खाली यावा तसे, सरळ, न तुटता, तळापर्यंत. ते धागे म्हणजे बॅक्टेरिया. नुसत्या डोळ्यांनी दिसतात, मायक्रोस्कोप नाही काही नाही. बुरशीने मेलेल्या झाडातून असं काही निघत नाही. मग तिने बटाटा आडवा कापून अंगठ्याने दाबला तर त्या तपकिरी कड्यातून राखाडी-पांढरे चिकट थेंब वर आले, आणि बटाट्याच्या डोळ्यांपाशी माती चिकटून बसली होती तीही त्याच चिकट्यामुळे. काकासुद्धा गल्ला सोडून बघायला आले होते!

मग तिने समजावलं ते माझ्या भाषेत लिहिते. हा बॅक्टेरिया म्हणजे राल्स्टोनिया सोलानेसिअरम, मुळाला कुठे जखम असेल तिथून आत शिरतो, झाडात पाणी वर नेणाऱ्या ज्या नळ्या असतात त्यात वाढतो आणि त्या नळ्या चोंदवून टाकतो, म्हणून मुळाशी ओल असून झाड वरून तहानेने मरतं आणि पान हिरवं असतानाच मान टाकतं. आता मला सांगा, पानावर मारलेलं औषध त्या नळीत पोचणार कुठून? आणि झाडात एक वेळ पोचलं तरी तो मातीत बसलाय त्याचं काय? कॉपर पानाच्या वरून येणाऱ्या रोगाला अडवतं, आत शिरलेल्याला नाही. तिचं वाक्य जसंच्या तसं: "ताई, याच्यावर औषध नाहीये. मी दिलं तर पैसे घेईन, पण औषध नाहीये." काकांचा चेहरा बघायला हवा होता.

अँटिबायोटिकच्या पुडीबद्दल मी मुद्दाम विचारलं कारण भाऊजींचा त्यावर फार विश्वास. त्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असतं, स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे टीबीवरचं, माणसाचं औषध. शेतात असं शिंपडत राहिलं की जंतू त्याला सरावतात आणि मग माणसाला लागेल तेव्हा ते चालत नाही, म्हणूनच २०२१ च्या शेवटी केंद्र सरकारने हे मिश्रण शेतीतून बंद करायच्या दिशेने पाऊल उचललं. म्हणजे उपयोग नाही तो नाही, वर नुकसान. आणि तालुक्याच्या दुकानात ते चहापत्तीसोबत दिल्यासारखं देतात.

करप्याचं मात्र वेगळं, हे तिने दोनदा सांगितलं कारण लोक हमखास गोंधळ करतात. करपा पानावरच्या डागाने सुरू होतो, ढगाळ गार हवेत पानाखाली पांढरी लव धरतो, तिथे वेळेवर मॅन्कोझेब वगैरे मारलं तर पीक वाचतं. आयर्लंडमध्ये १८४५ पासून जो दुष्काळ पडला तो याच करप्याने. तेव्हा करप्याचं औषध मरीला मारू नका आणि मर समजून करपा अंगावर काढू नका.

मग औषध नाही तर करायचं काय? तर गेलेली झाडं बटाट्यासकट आणि खालच्या मातीसकट उपटून बाहेर, बांधावर टाकायची नाहीत की ओढ्यात नाही, त्या जागी पाणी वाहून पुढच्या सरीत जाणार नाही असं बघायचं, त्या तुकड्यातलं खुरपं-फावडं धुतल्याशिवाय चांगल्या तुकड्यात न्यायचं नाही. ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर आधी कोणाच्या रानातून आला ते विचारायचं, टायरच्या चिखलातून येतो हा. पुढच्या लागवडीला बी अख्खं, अंड्याएवढं, कापून अजिबात नाही, कारण एक रोगट बटाटा कापला की त्याच विळीने पुढचे कितीतरी बाटतात आणि खरिपात कापलेलं बी तसंही कुजतं. (कापायचंच असेल तर दोन विळ्या ठेवायच्या, एक ब्लीचिंगच्या पाण्यात बुडलेली आणि एक हातात.) लागवडीच्या वेळी सरीत स्टेबल ब्लीचिंग पावडर, हेक्टरी १२ किलो, म्हणजे एकराला साधारण पाच, ही सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची शिफारस आहे. झाडाला मातीची भर लागवडीलाच पूर्ण लावून घ्यायची, नंतर नंतर माती ओढत बसलं की मुळं तुटतात आणि तिथूनच तो शिरतो. उन्हाळ्यात खोल नांगरट करून रान तापू द्यायचं. आणि सगळ्यात मोठं, त्या रानात निदान दोनतीन वर्षं बटाटा नाही, टोमॅटो नाही, वांगं नाही, मिरची नाही, सगळी एका खानदानातली. मका, ज्वारी, बाजरी, कांदा, लसूण, कोबी चालेल. मधल्या काळात राहिलेले बटाटे आपोआप उगवून येतात ते दिसले की उपटायचे, नाहीतर तीन वर्षं थांबलात त्याचा उपयोग शून्य.

भाऊजी फोनवर म्हणाले, अहो टोमॅटोचेच तर पैसे होतात. ताई म्हणाली, मग बटाटा बंद करा दादा. असं तोंडावर बोलणारी माणसं दुकानात बसत नाहीत सहसा.

तिने हेही सांगितलं की हा रोग काही कालचा नाही, आपल्याच पुणे जिल्ह्यात बटाट्यावर याची नोंद १८९२ सालची आहे, देशातली पहिली. सव्वाशेच्या वर वर्षं झाली आणि अजून आपण स्टिकर टाकून फवारतोय.

त्या दिवशी माझं बिल किती झालं? शून्य. ब्लीचिंग पावडर त्यांच्याकडे नव्हती, तिने दोन गल्ल्या सोडून केमिकलवाल्याकडे पाठवलं आणि वर बजावलं की सीलबंद आणि नवीन तारखेचीच घ्या, उघड्या पोत्यातली नको, आपल्या दमट हवेत क्लोरीन उडून जातो आणि हातात नुसती पांढरी माती राहते. शेतासाठी बियाणं मी मागितलं तर तेही नाही दिलं, एवढा माल मी ठेवत नाही, मंचरला घ्या पण पोत्यावरचा टॅग बघून घ्या, प्रमाणित बियाण्याला निळा आणि पायाभूतला पांढरा असतो, आणि घेताना पोत्यातले पाचसहा बटाटे तिथेच कापून दाबून बघा, दुकानदार कुरकुर करेल, करू दे. आणि बटाटा बाहेरून चकचकीत असूनही आत रोग दडून असू शकतो म्हणून स्वस्तातलं खायचं बटाटं बी म्हणून नकोच. तुर्भ्याच्या बाजारात आग्रा-इंदूरचा माल ढिगाने आणि स्वस्त मिळतो, वड्याला उत्तम, रानात लावायला नाही.

आता गॅलरीवाल्यांसाठी. नोव्हेंबरात मी परत गेले आणि स्वतःसाठी बेण्याचे बटाटे घेतले, एक किलोची जाळी, कुफरी पुखराज. दर बाजारातल्या बटाट्याच्या तिप्पट होता, महाग वाटलं, पण माल खरंच निवडलेला, सगळे चाळीस-पन्नास ग्रॅमच्या आसपास, कोंब आखूड, जाड, जांभळट, ते लांबुळके पांढरे धाग्यासारखे नाहीत. जाळीतला एक मी सांगितल्यावर तिने समोर कापून दाखवला, आत एकसारखा पिवळसर, कडं नाही, दाबल्यावर नुसतं पाणी. तो कापलेला वजनातून वजा केला! आमच्या सोसायटीतल्या एकांनी ऑनलाईन मागवलेल्या जाळीतले निम्मे पोचेपर्यंत मऊ पडलेले, पिशवी उघडली तर असा वास की लिफ्टमध्येही कळला. ती ओली कूज, पेक्टोबॅक्टेरियम, बंद प्लास्टिकमध्ये बटाट्याला घाम फुटला की हवा कमी पडते आणि हा फोफावतो. घरातला खायचा बटाटाही धुऊन ठेवू नका आणि प्लास्टिकमध्ये ठेवू नका याच कारणासाठी.

ठाण्यात बटाटा फार मोठा होत नाही हे आधीच ऐकून घ्या, पोसायला रात्री गार लागतात, वीस डिग्रीच्या आत, आणि आपल्याकडे अशा रात्री डिसेंबर-जानेवारीतल्या थोड्याच. मला एका भाजीपुरते निघाले, दोनतीन बटाट्यांवर खरूज आल्यासारखे खरबरीत डाग होते. फोटो पाठवला तर तिचं उत्तर आलं, स्कॅब आहे, स्ट्रेप्टोमायसिस नावाचा बॅक्टेरिया, सोलून खा काही होत नाही. पुढच्या वेळी कच्चं शेणखत आणि राख घालू नका, माती अल्कधर्मी झाली की हा वाढतो, आणि गाठी धरायला लागल्यापासून काही आठवडे माती कोरडी पडू देऊ नका. पण डबकंही करू नका, नाहीतर स्कॅब जाऊन कूज येईल. बेणं ठेवायचं असेल तर तीन टक्के बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवा, आणि तो बटाटा मग चुकूनही स्वयंपाकघरात नको. कॅरमची बोरिक पावडर चालेल का विचारलं तर हसणारा इमोजी आला, उत्तर नाही.

आणि ज्या ग्रो बॅगमध्ये झाड मरीने गेलंय ती माती टोमॅटो-मिरचीच्या कुंडीत ओतू नका हो. आमच्या गच्चीवर हाच उद्योग चालतो, "चांगली माती आहे, फेकायची कशाला".

आता तक्रारी. काका. ताई दुकानात नसेल तर काका काहीही विकतात, माझ्यासमोर एका कळव्याच्या माणसाला मरीवर ट्रायकोडर्मा देत होते, अहो तो बुरशीवर असतो. मी मध्ये बोलले तर "तुम्ही शेती करता का?" दुसरं म्हणजे स्यूडोमोनासची पाकिटं त्यांनी दर्शनी रॅकला लावलीत जिथे दुपारनंतर थेट ऊन येतं, आत जिवंत जिवाणू असतात, ते असे भाजले तर पाकिटात उरतं काय? आणि त्यातल्या काहींची एक्स्पायरी अगदी तोंडावर आलेली होती. ताईला सांगितलं तर तिने लगेच आत ठेवली, पुढच्या खेपेला परत उन्हात. हे सासरे-सुनेचं राजकारण आहे, आपण पडू नये. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा, आणि त्यावर बॅच नंबर लिहून घ्या. जीपेला भलतंच नाव येतं, घाबरू नका, ते काकांच्या मुलाचं.

बेण्याचे बटाटे ऑक्टोबरअखेर येतात आणि फार दिवस टिकत नाहीत, म्हणून आधी फोन करा. ताईने उचलला तर काय आहे काय नाही ते नीट कळेल. काकांनी उचलला तर "सगळं आहे, या" एवढंच ऐकू येईल, मग संध्याकाळी परत करा.